पाचशे रुपये आणि लाल परी

लातूर-नांदेडकडच्या मित्रांनो, फिरायला पगार मोठा लागत नाही, हिशेब आधी लागतो. आमच्या घरी एक तारखेला किराण्याआधी पाचशे रुपये डब्यात पडतात. वर्षाचे झाले ६,०००. एवढ्यात दोन छोट्या सहली आरामात बसवतो.

खरी बचत एसटीत, म्हणजे आपल्या लाल परीत आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तर मोफत प्रवास. 'आवडेल तेथे प्रवास' हा ४ किंवा ७ दिवसांचा पासही मिळतो. पण पास घेण्याआधी कागदावर बेरीज करा. घरात बायका-मुली जास्त असतील आणि जवळचंच फिरायचं असेल, तर साधं अर्धं तिकीटच स्वस्त पडू शकतं. लांबचे टप्पे रोज मारायचे असतील तर पास.

सुरुवात जवळून करा. औसा तालुक्यातली खरोसा लेणी, उदगीरचा किल्ला, पाण्याने भरलेल्या खंदकाचा कंधारचा किल्ला. सकाळी निघून रात्री घरी, मुक्कामाचा खर्चच नाही. सहस्रकुंड धबधबा मात्र पावसाळ्यातच गाठा.

डबा सोडू नका. आमची आई तीळ लावून धपाटे थापते, गार झाले की सुती फडक्यात बांधते, सोबत शेंगाची चटणी. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

लांब जायचंय? नांदेडहून सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरला जाते. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख आजच कॅलेंडरवर गोल करून ठेवा.