भर दुपारी रेडिओचा आवाज का बसतो?



गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "वैशाखात दुपारी आमच्या कडेच्या गावाला रेडिओ खरखरतो, रात्री मात्र स्वच्छ लागतो. असं का?" कारणं बरीच असू शकतात. त्यातलं एक आज समजून घेऊ: केंद्रावरचा पॉवर अॅम्प्लिफायर तापतो.

2006 साली सरकारने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट मोकळी केली. 2008 मध्ये सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. अशा केंद्रांचा प्रक्षेपक लहान असतो, समजा 50 वॉटचा. स्टुडिओतून येणारा संदेश अगदी दुबळा. त्याला बळ देऊन अँटेनाकडे पाठवायचं काम अॅम्प्लिफायर करतो. हे बळ तो बोर्डातून किंवा बॅटरीतूनच घेतो. घेतलेल्या विजेपैकी जेवढी अँटेनाकडे जात नाही, तिची उष्णता होते.

आता हिशेब करू. अॅम्प्लिफायरची कार्यक्षमता 50 टक्के असेल, तर 50 वॉट बाहेर पाठवायला 100 वॉट लागतात आणि 50 वॉटची उष्णता होते. तीच 75 टक्के असेल, तर 67 वॉट पुरतात, उष्णता फक्त 17 वॉट. वीज गेली तर 12 व्होल्टची, 100 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर पहिल्याला 12 तास पुरेल, दुसऱ्याला 18.

समजा, 50 वॉटच्या उष्णतेने आतली पट्टी हवेपेक्षा 30 अंश जास्त तापते. थंडीत हवा 15 अंश, तर पट्टी 45. जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत तीच 75 होते. मग यंत्र स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं, आणि पहिला फटका कडेच्या गावाला बसतो. उष्णता 17 वॉट असेल, तर पट्टी 55 अंशांवरच थांबते.

ही कार्यक्षमता वाढते कशी? केळीच्या बागेतला व्हॉल्व्ह आठवा. पूर्ण बंद असला की पाणीच वाहत नाही. पूर्ण उघडा असला की दाब वाया जात नाही. अर्धवट उघडा ठेवला की मोटारीचा जोर व्हॉल्व्हमध्येच खर्च होतो. ट्रान्झिस्टरचंही तसंच आहे. एफएममध्ये आवाज लहरींच्या उंचीत नसतो, त्यांच्या कमी-जास्त वेगात असतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर जवळजवळ पूर्ण उघड-बंद पद्धतीने चालवला, तरी बोलणं बिघडत नाही.

पण अशा झटक्यांमुळे मूळ लहरीसोबत दुप्पट-तिप्पट वेगाच्या नको त्या लहरीही निघतात. 90.4 ची दुप्पट 180.8. त्या दुसऱ्यांच्या सेवेत अडथळा आणतात, म्हणून चाळणी लावावीच लागते. एफएमचा पट्टा 88 ते 108, त्याची दुप्पट 176 पासून सुरू होते. दोन्हींमध्ये जागा आहे, म्हणून एकच चाळणी साऱ्या पट्ट्याला चालते.

आता अवघड भाग. ट्रान्झिस्टरचा रोध मोजक्या ओहमचा, अँटेनाच्या केबलचा 50 ओहम. एकाच उडीत हा मेळ घातला, तर तो आखाजीच्या झोक्यासारखा ठरतो: ठरावीक तालावर दिलेला धक्काच लागू पडतो. तोच मेळ लहान-लहान पायऱ्यांनी घातला, की सगळा पट्टा सांभाळता येतो. यालाच वाइडबँड म्हणतात.

परवाना तर एकाच लहरीचा, मग याचा उपयोग काय? उन्हात भागांची मूल्यं थोडी सरकली तरी काम बिघडत नाही. शिवाय बंद पडलेल्या यंत्राच्या जागी दुसऱ्या केंद्राचा अॅम्प्लिफायर आणून बसवता येतो. तालुक्यात जाणकार तंत्रज्ञ नसेल, तेव्हा हे फार मोलाचं.

उद्या एखाद्या गटाने केंद्र उभारायचं ठरवलं, तर विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. बोर्डातून किती वॉट घेता आणि अँटेनाला किती देता? 88, 98 आणि 108 या तिन्हींवर मोजलंय का? 45 अंशांच्या हवेत पूर्ण ताकद टिकते का? अँटेनाचा सांधा सुटून वीज उलटी आली, तर यंत्र स्वतःला वाचवतं का? उत्तरं कागदावर लिहून घ्या. बोलणं गोड आणि आकडा नाही, तर व्यवहार करू नका. केंद्राजवळच्या घरी आवाज कसाही पोचेल. पण त्या कडेच्या गावातल्या ताईंना भर दुपारी ऐकू येणार की नाही, हे या आकड्यांवर ठरतं.