वीज पकडायचीय? मग आधी बोट आवरा!

वळवाच्या पावसात विजेचा झक्कास फोटो काढायला महागडा कॅमेरा लागत नाही, की डोंगरमाथाही लागत नाही. लागतो तो पेशन्स. आणि हो, डोक्यावर पक्कं छप्पर!

मे महिन्यातली टिपिकल पुणेरी संध्याकाळ. दिवसभर नुसती काहिली, आणि पाचच्या सुमारास एकदम धुळीचा वारा सुटतो. आभाळ काळवंडतं. ऑफिसातलं पब्लिक खिडकीशी गोळा होतं. कुणी चहा-भज्यांचा विषय काढतं, कुणी मोबाइल. तेवढ्यात लख्खकन वीज चमकते, बोट स्क्रीनवर आपटतं आणि फोटोत येतं काय? काळंकुट्ट आभाळ आणि समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी! पुन्हा ट्राय, पुन्हा टाकी.

दोष तुमच्या कॅमेऱ्याचा नाही. बहुतेक वेळा एकाच वाटेनं विजेचे तीन-चार झटके पाठोपाठ जातात, म्हणून ती थरथरल्यासारखी दिसते. पण हा सगळा तमाशा साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत आटोपतो. डोळ्यांनी बघून, मेंदूनं हुकूम सोडून, बोट हलेपर्यंत वीज केव्हाच ढगात परत! त्यामुळे ‘चमकली की क्लिक’ हा फंडाच मुळात चुकीचा. वीज पकडायची नसते, तिची वाट बघायची असते.

शटर उघडा, गप्प बसा

म्हणजे करायचं काय? कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, मोड ‘मॅन्युअल’ करायचा आणि शटर दहा-पंधरा सेकंद उघडंच ठेवायचं. त्या वेळात वीज चमकली, की ती स्वतःचा फोटो स्वतःच काढते. नाही चमकली, तर पुढचा फोटो. मग त्याच्या पुढचा.

इथे एक गंमत लक्षात घ्या. वीज इतकी क्षणिक असते, की शटर पाच सेकंद उघडं ठेवा नाहीतर वीस, फोटोत तिचा उजेड तेवढाच राहतो. तो कमी-जास्त होतो अॅपर्चर आणि आयएसओवर. शटरचा वेळ ठरवतो तो बाकीच्या गोष्टींचा उजेड, म्हणजे रस्त्यावरचे दिवे, इमारती, ढगांवर पडलेला शहराचा प्रकाश. हे एकदा डोक्यात बसलं, की सेटिंग्ज पाठ करावी लागत नाहीत. वीज पांढरीफटक येतेय? अॅपर्चर लहान करा. वीज छान येतेय, पण शहर जळाल्यासारखं दिसतंय? शटरचा वेळ कमी करा. बस्स!

सुरुवात आयएसओ १०० आणि एफ/८ पासून करा. वादळ लांब असेल तर एफ/५.६, जवळ असेल तर एफ/११. ऑटोफोकसच्या भरवशावर मात्र राहू नका, अंधारात तो चाचपडत बसतो. लांबच्या एखाद्या दिव्यावर फोकस लावून घ्या आणि मग तो ‘मॅन्युअल’वर टाका. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ही बंद, कारण ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ अडून बसतो. आणि सगळ्यात झकास वीज नेमकी तेव्हाच पडते! जमल्यास फोटो ‘रॉ’मध्ये काढा, नंतर रंग आणि उजेड सुधारायला भरपूर वाव मिळतो.

फक्त मोबाइल आहे? तरी चालेल. छोटा स्टँड घ्या, ‘प्रो’ मोडमध्ये आयएसओ ५० किंवा १०० आणि शटर दहा सेकंद. तो मोड नसेल तर सरळ व्हिडिओ काढा आणि त्यातली फ्रेम उचला.

सिंहगड नको, स्वतःची खिडकी बघा

आता मुद्द्याचं. ‘वरून काय भन्नाट व्ह्यू येईल!’ म्हणत वेताळ टेकडी किंवा सिंहगड गाठायचा विचार असेल, तर तो इथेच सोडा. उघड्या माथ्यावर उभा असलेला माणूस आणि त्याच्या हातातला ट्रायपॉड, दोघंही आजूबाजूला सगळ्यात उंच. मरीन ड्राइव्हचा कट्टा किंवा बिल्डिंगची गच्चीसुद्धा त्याच यादीतली. ११ जुलै २०२१ रोजी जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर वीज पडली आणि किमान ११ जण गेले. पाऊस बघायला आणि सेल्फी काढायला गेलेली मंडळी होती ती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार, एकट्या २०२२ मध्ये देशभरात विजेनं २,८८७ बळी घेतले.

रबरी चप्पल वाचवत नाही, झाडाखालचा आडोसा तर मुळीच नाही. काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची कार चालते. पण तिथेही टायर नाही, पत्रा वाचवतो. तो करंट बाहेरच्या बाहेर जमिनीत नेतो.

सुदैवानं या फोटोला तुमच्या बोटाची गरजच नाही! कॅमेरा खोलीत, खिडकीच्या आत लावा. लेन्स दोन गजांच्या मधून बघेल अशी ठेवा, खोलीतले दिवे बंद करा, काच बंद असेल तर लेन्सभोवती काळं कापड गुंडाळा म्हणजे प्रतिबिंब येणार नाही. रिमोटचं बटण लॉक करा किंवा कॅमेऱ्यातलं ‘इंटरव्हल शूटिंग’ लावा आणि तुम्ही खिडकीपासून लांब, सोफ्यावर. ग्रिलला हात नाही, मोबाइल चार्जिंगला नाही.

दिसतेय, पण ऐकू येत नाही

सगळ्यात सुंदर फोटो येतात ते लांबच्या वादळाचे. डोक्यावर आलेलं वादळ पावसाच्या पडद्याआड लपतं. क्षितिजावरचं मात्र ढगापासून जमिनीपर्यंत अख्खं दिसतं. वीज दिसतेय, पण गडगडाट ऐकू येत नाही, ही तुमची ‘प्राइम टाइम’. गडगडाट ऐकू आला, की तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात असं समजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. चमक आणि आवाज यांत तीस सेकंद मोजलेत तर वादळ दहा किलोमीटरवर. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

मुहूर्त? एप्रिल-मेमधला वळीव, जूनची सुरुवात आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस. भर जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-पुण्यात पाऊस धो धो, पण विजा फारशा नाहीत. आणि पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ अॅप मोबाइलवर घेऊन ठेवा. आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांचा इशारा ते देतं. फोटोग्राफरला तयारीला लागायला आणि बाकीच्यांना घरात यायला, दोघांच्याही कामाचं.

झटपट चेकलिस्ट

• ट्रायपॉड, रिमोट, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड
• आयएसओ १००, एफ/८, दहा सेकंद. मग गरजेप्रमाणे बदल
• वाइड लेन्स. फ्रेममध्ये खाली थोडं शहर हवंच, नुसतं आभाळ कंटाळवाणं दिसतं
• तुम्ही आत, खिडकीपासून लांब

शंभरातले बहुतेक फोटो डिलीट होणार, हे धरूनच चाला. पण एखाद्यात तुमच्या नेहमीच्या कंटाळवाण्या स्कायलाइनवर लखलखती रेघ उमटलेली असेल. ती रेघ उमटली तेव्हा तुम्ही सोफ्यावर भजी खात होतात, हे कुणाला सांगू नका म्हणजे झालं!