घरातील ध्वनीचे मापन : साधनाची निवड कशी करावी?

बेंगळुरूच्या दक्षिण भागातील जे. पी. नगर या वसाहतीत ‘रंग शंकरा’ नावाचे नाट्यगृह आहे. कन्नड चित्रपट गाजविणारे आणि तरुणपणी मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेले नट-दिग्दर्शक शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते उभारण्यात आले व २००४ साली प्रेक्षकांना खुले झाले. नाटकाचा प्राण शब्द होय. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही तो स्पष्ट ऐकू यावा, यासाठी नाट्यगृहाच्या भिंती, छत आणि आसने यांचा विचार बांधकामापूर्वीच करावा लागतो.

त्याच वसाहतीतील सदनिकांमध्ये बैठकीच्या खोलीलाही ‘हॉल’ म्हणतात. तथापि तिच्या बाबतीत असा विचार सहसा कोणी केलेला नसतो. गुळगुळीत फरशी, सिमेंटच्या भिंती आणि काचेची सरकती दारे अशा खोलीत नवे स्पीकर येतात, आणि त्यांच्याबरोबर तक्रारीही येतात. आवाज मोठा असूनही वृद्धांना बातम्यांतील शब्द उमगत नाहीत. चित्रपटातील गडगडाट भिंतीलगतच्या सोफ्यावर छाती हादरवितो, तर खोलीच्या मध्यावरील खुर्चीत तो फिका पडतो. मग स्पीकर सदोष ठरवून अधिक महाग स्पीकर आणला जातो; पैसे खर्च होतात, तक्रार मात्र जागच्या जागी राहते. दोष स्पीकरचा की खोलीचा, याचा निवाडा खरेदीपूर्वीच करावयाचा असेल, तर मापनाचा आश्रय घेणे इष्ट होय.

अशा मापनाचा पाया अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात घातला गेला. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. १८९५ साली हा दोष दूर करण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे सोपविण्यात आले. ऑर्गनची एक नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान एवढ्याच साधनांनिशी तो रात्रीच्या शांततेत प्रयोग करीत असे. शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मांडल्या, की स्वर लवकर विरतो असे त्यास आढळून आले. ध्वनीचा उगम थांबल्यानंतरही भिंतींवर आपटत तो काही काळ रेंगाळतो, यास ‘निनाद’ म्हणतात. हा काळ खोलीच्या घनफळाबरोबर वाढतो आणि ध्वनी शोषून घेणाऱ्या पृष्ठभागाबरोबर घटतो, हा नियम सॅबिनने सिद्ध केला. १९०० साली खुले झालेले बॉस्टनचे सिम्फनी हॉल या नियमाच्या आधारे रचण्यात आले.

सॅबिनला ज्या कामासाठी रात्री जागवाव्या लागल्या, ते काम आज घरातील संगणक काही क्षणांत करतो. स्पीकरमधून खर्जापासून अतितार स्वरापर्यंत अखंड चढत जाणारा एक स्वर वाजविला जातो. मायक्रोफोन तो टिपतो. पाठविलेला स्वर आणि टिपलेला स्वर यांची तुलना करून खोलीने त्यात काय मिसळले, हे संगणक सांगतो. इटलीतील पार्मा विद्यापीठाचे आंजेलो फारिना यांनी २००० साली या पद्धतीचे महत्त्व दाखवून दिले. स्पीकरची स्वतःची विकृती आणि खोलीचा प्रतिसाद तिच्यामुळे वेगळे काढता येतात. शिवाय स्वर सावकाश चढविल्यास रस्त्यावरील वाहनांच्या गोंगाटाचा परिणाम कमी होतो.

या कामासाठी अनेक सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. त्यांतून निवड करताना किंमत अथवा कीर्ती पाहण्यापूर्वी, आपणास खोलीला कोणता प्रश्न विचारावयाचा आहे, हे ठरवावे. घरातील स्पीकरची जागा आणि ऐकणाऱ्याची बैठक ठरविणे, निनाद मोजणे व खर्जाचे दोष शोधणे हा हेतू असल्यास ‘रूम ईक्यू विझर्ड’ हे सॉफ्टवेअर सोयीचे पडते. जॉन मलकाही यांनी तयार केलेल्या या सॉफ्टवेअरची मूळ आवृत्ती विनामूल्य असून ती विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. स्वतः स्पीकर बांधणाऱ्यास क्रोएशियातील इव्हो मातेल्यान यांचे ‘आर्टा’ उपयोगी पडेल. मात्र ते विंडोजसाठी आहे. सभागृहात कार्यक्रम चालू असतानाच ध्वनीवर नजर ठेवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी ‘स्मार्ट’ हे सॉफ्टवेअर आहे. घरच्या खोलीसाठी त्याचा खर्च करण्याचे सहसा कारण पडत नाही.

सॉफ्टवेअरपेक्षाही अधिक महत्त्व मायक्रोफोनला आहे. वजनाचा काटाच खोटा असेल, तर हिशेब कितीही चोख ठेवून काय उपयोग? फोनमधील मायक्रोफोन मुख्यतः बोलण्यासाठी योजलेला असतो. अतिखर्ज तो विश्वासाने मोजीलच असे नाही. मापनाच्या चांगल्या मायक्रोफोनबरोबर, तो कोणत्या स्वराला किती चुकतो याचा तक्ता मिळतो. हा तक्ता स्वीकारून चूक वजा करणारे सॉफ्टवेअरच निवडावे.

आता एक उदाहरण घेऊ. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी एक खोली आहे. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने तेथे ध्वनी मंद चालत असेल, असे काहींना वाटेल. पण ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. २४ अंश सेल्सिअसला तो सेकंदास सुमारे ३४६ मीटर असतो. ज्या स्वराची अर्धी तरंगलांबी खोलीच्या लांबीएवढी, म्हणजे ५ मीटर, भरते, त्याची कंप्रता सुमारे ३५ हर्ट्‌झ येते. हा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण करतो : भिंतींजवळ तो प्रबळ होतो व बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. सोफ्यावरील हादरा आणि खुर्चीतील फिकेपणा यांचे रहस्य हेच.

याच खोलीचे घनफळ ६० घनमीटर भरते. निनाद ०.८ सेकंद असेल, तर सॅबिनच्या नियमाप्रमाणे तेथील एकूण शोषण १२ चौरस मीटर पूर्ण शोषक पृष्ठभागाएवढे आहे. निनाद निम्म्यावर आणावयाचा असल्यास हे शोषण दुप्पट करावे लागेल. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांनी भरलेली कपाटे ही त्याची घरगुती साधने होत. वृद्धांना शब्द उमगू लागण्यासाठी अनेकदा नव्या स्पीकरपेक्षा यांचीच गरज अधिक असते.

काही प्रणाली मोजलेला दोष आपोआप दुरुस्त करण्याचे आश्वासन देतात. त्यांचा उपयोग आहे, पण त्यास मर्यादाही आहे. घुमणारा स्वर कमी करता येतो. परंतु जेथे भिंतीवरून परतलेला तरंग मूळ तरंगास खोडून काढतो, तेथे स्वर वाढविला की परतणारा तरंगही तितकाच वाढतो आणि खाच कायम राहते. शिवाय १० डेसिबेल वाढ म्हणजे दसपट शक्ती. तिचा भार स्पीकरवर पडतो. अशा वेळी खुर्ची अर्धा मीटर सरकविणे हा अधिक शहाणपणाचा आणि बिनखर्ची उपाय होय.

आलेखाविषयीही सावध असावे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये रेषा गुळगुळीत करण्याची सोय असते. ती अधिक वापरली, की खाचा व उंचवटे दिसेनासे होतात आणि खोली निर्दोष भासते. यास्तव खर्जाचे परीक्षण करताना रेषा शक्य तितकी मूळ स्वरूपात पाहावी. मापन एकाच जागी न घेता, जेथे जेथे माणसे बसतात तेथे घ्यावे, आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. एरवी सुधारणा कशामुळे झाली, हे कळत नाही. स्वर शेजाऱ्यांना त्रास होणार नाही इतपतच मोठा ठेवावा.

अखेरीस पडदे लावून, खुर्ची सरकवून झाल्यावर घरातील वृद्ध व्यक्तीस बातम्या लावून द्याव्यात आणि तिला शब्द कळतात काय, ते विचारावे. आलेख कोणता बदल करून पाहावा हे सुचवितो. तो बदल कामी आला की नाही, हे तिच्या उत्तरावरून ठरते.