समुद्राच्या लाटा, प्रकाशाचे रंग आणि दिव्यांची मासेमारी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर करंजा, रेवस, थळ, मुरूड, श्रीवर्धन अशी मच्छीमारांची अनेक गावे वसली आहेत. प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीविरुद्ध कोकण किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांनी गेल्या काही वर्षांत सातत्याने आवाज उठविला आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये या पद्धतीवर बंदी घातली. राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमातही २०२१ मध्ये सुधारणा करून दंडाची तरतूद कडक करण्यात आली. दिव्यासारख्या साध्या वस्तूवर बंदी का, हे समजण्यासाठी प्रकाशाचे स्वरूप जाणून घेणे उपयुक्त ठरेल.

प्रकाश हा तरंगरूप आहे. किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटांच्या दोन माथ्यांमधील अंतर ही त्यांची तरंगलांबी, आणि ठरावीक वेळात एखाद्या खांबावर जितक्या लाटा आदळतात ती त्यांची वारंवारता. मिनिटाला ६ लाटा येत असतील व दोन माथ्यांत ६० मीटर अंतर असेल, तर लाटा मिनिटाला ३६० मीटर पुढे सरकतात. म्हणजेच तरंगलांबी आणि वारंवारता यांचा गुणाकार म्हणजे वेग होय.

हाच नियम प्रकाशालाही लागू पडतो. निर्वात पोकळीत सर्व रंगांच्या प्रकाशाचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर इतका असतो. वेग समान असल्यामुळे तरंगलांबी जितकी अधिक, तितकी वारंवारता कमी. गडद लाल प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या ७०० पट असते व त्याची वारंवारता सेकंदाला सुमारे ४३० लाख कोटी असते. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी ४५० नॅनोमीटरच्या आसपास, तर वारंवारता सुमारे ६६७ लाख कोटी असते.

पाण्यात शिरताच प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरपर्यंत उतरतो. उथळ पाण्यात येताना लाटा मंदावतात व एकमेकींच्या जवळ येतात, परंतु मिनिटाला येणाऱ्या लाटांची संख्या तीच राहते. प्रकाशाचेही तसेच घडते. ७०० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाण्यात सुमारे ५२५ नॅनोमीटरचा होतो. हवेत ही तरंगलांबी हिरव्या रंगाची असते. तरीही पाण्यात तो प्रकाश हिरवा होत नाही, लालच राहतो. कारण रंग ठरतो तो वारंवारतेवरून, आणि ती बदलत नाही.

मात्र सर्व रंग सारख्या खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. पाणी कमी वारंवारतेचा लाल प्रकाश अधिक शोषून घेते. त्याचा बहुतेक भाग पहिल्या दहा मीटरांतच नाहीसा होतो. स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वांत खोल जातो, तर खाड्यांच्या मुखाशी, गाळाने गढूळ झालेल्या पाण्यात हिरवा प्रकाश अधिक टिकतो. पांढऱ्या एलईडी दिव्यात मुळात निळा प्रकाश निर्माण होतो आणि त्यावरील लेपामुळे त्याचा काही भाग पिवळसर होतो. त्यामुळे खोलवर पोहोचणारे निळे व हिरवे किरण या दिव्यातून भरपूर मिळतात.

अनेक जातींचे मासे रात्री प्रकाशाकडे ओढले जातात. अशा दिव्यांखाली दूरवरचे थवे एकत्र येतात आणि मोठ्या जाळ्यात एकाच वेळी पकडले जातात. त्यांत पूर्ण वाढ न झालेली पिल्लेही असतात. पिल्ले वाढून अंडी घालण्यापूर्वीच संपली, तर पुढील हंगामाचा साठा घटतो. डोल जाळे लावून भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर येणाऱ्या मासळीची वाट पाहणाऱ्या छोट्या मच्छीमाराला त्याची झळ प्रथम बसते.

किनाऱ्यावरील शाळांत शिक्षकांना हा धडा समोरच्या लाटा मोजून शिकविता येईल. ग्रामसभेत बंदीचा विषय निघेल तेव्हा तिच्यामागील हे कारण पंचायत सदस्यांनी समजावून सांगितल्यास नियमाच्या पालनास गावाचे सहकार्य मिळणे सुलभ होईल.