फिनलंडचे वार्तापत्र : झाडे उभी, माती मात्र झिजते आहे

हेलसिंकी : सुमारे ५६ लाख वस्तीच्या या देशात सहा लाखांहून अधिक लोकांच्या नावावर जंगल आहे. देशाचा जवळजवळ पाऊण भूभाग वनाखाली आणि त्यातले सुमारे ६० टक्के वन कुटुंबांच्या मालकीचे. १९७५च्या कायद्याने खाजगी वने सरकारजमा झालेल्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला याचे नवल वाटते. मालक बहुधा साठीचा, जंगल वडिलोपार्जित, भावंडे शहरात. आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यासारखेच. विरळणी कधी करायची, लाकूड कुणाला विकायचे, याचा सल्ला मालकांचेच वनसंघ देतात.

गेल्या शतकभरात इथला उभ्या लाकडाचा साठा दीडपटीहून अधिक वाढला. लावलेले रोप वाढवायचे, वेळेवर विरळणी करायची, ही शिस्त त्यामागे आहे. २०३५पर्यंत कार्बनसमतोल साधण्याचे उद्दिष्ट ठरवताना सरकारने याच जंगलांवर भिस्त ठेवली होती. पण २०२१च्या हिशेबात जमीन आणि वने मिळून शोषतात त्यापेक्षा जास्त कार्बन सोडतात, असे दिसले. तोड वाढली होती, झाडांची वाढ मंदावली होती. तिसरे कारण पायाखालचे.

इथल्या दलदलीत हजारो वर्षे न कुजता साचलेल्या वनस्पतींचा काळा थर असतो, त्याला पीट म्हणतात. १९६०-७०च्या दशकांत लाकूड वाढावे म्हणून लाखो हेक्टर दलदलीत चर खणून पाणी काढले गेले. झाडे जोमाने वाढली खरी. पण पाणी उतरले, पीटला हवा लागली आणि ते कुजू लागले. अशा जागी सरसकट तोड केली की पाणी वर येते, नवी रोपे जगवायला चर पुन्हा उपसावे लागतात आणि कुजणे सुरूच राहते. त्याऐवजी मोठी झाडे निवडून काढली, तर उरलेली झाडेच पाणी ओढून घेतात आणि चर उपसायची गरज कमी होते. २०१४पासून कायद्यानेही ही पद्धत मोकळी केली. त्याच दुरुस्तीने तोडीसाठीची वय-जाडीची अट काढली, म्हणजे लवकर तोडायचीही मुभा मिळाली. मला ती दुसरी मुभा घातक वाटते. कोवळे जंगल कागदाच्या लगद्याला जाते आणि त्यातला कार्बन लवकर हवेत परततो. जाड ओंडके मात्र घराच्या तुळया होऊन पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

मालकाला दोष देणे सोपे आहे, पण लाकडाला भाव आहे आणि उभ्या झाडातल्या कार्बनला तसा बाजार नाही. २००८पासूनच्या 'मेत्सो' योजनेत जंगल स्वेच्छेने राखणाऱ्याला मोबदला मिळतो, तो जैवविविधतेसाठी. आता चर खणलेल्या त्या जंगलांतली झाडे तोडीच्या वयाला येत आहेत. पीटवरच्या मालकांना सरसकट तोड टाळण्याचे पैसे द्यायचे असतील, तर ते याच काळात द्यायला हवेत.