उन्हाळी वेळ आणि घरातली घड्याळे : मोजणी वेगळी, नियम वेगळा

मार्च २०२५ मध्ये आमच्या शेवटच्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याची न्यूयॉर्कहून ऑनलाइन मुलाखत होती. वेळ दिली होती सोमवार, १० मार्च, न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे सकाळी १०. न्यूयॉर्कच्या वेळेत साडेदहा तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, असे मीच वर्गात सांगितले होते. त्याप्रमाणे तो रात्री साडेआठला लॅपटॉपसमोर बसला. प्रत्यक्षात मुलाखतीची वेळ साडेसातची होती आणि ती टळून गेली होती. चूक त्याची नव्हती, मी अर्धाच नियम शिकवला होता. आदल्याच दिवशी, रविवारी पहाटे, तिथली घड्याळे एक तास पुढे गेली होती आणि अंतर साडेनऊ तासांवर आले होते. राहून गेलेला तो अर्धा भाग या टिपणात पाहू.

१. नियम काय आहे?

विषुववृत्तापासून दूरच्या देशांत उन्हाळ्यात दिवस खूप मोठा होतो. सूर्य उगवतो तेव्हा लोक झोपेत असतात. घड्याळ एक तास पुढे केले की सकाळचा तो उजेड संध्याकाळी वापरता येतो. यालाच डेलाइट सेव्हिंग टाइम किंवा उन्हाळी वेळ म्हणतात. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, जर्मनीने ती देशभर लागू केली आणि मग इतर देशांनीही ती स्वीकारली. भारतातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, घड्याळे एक तास पुढे होती. आज आपल्याकडे ही पद्धत नाही.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे २ वाजता घड्याळ ३ वर नेतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे २ वाजता ते परत १ वर आणतात. हवाई आणि ॲरिझोनाचा बहुतेक भाग मात्र हा बदल करत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये हा बदल मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. म्हणजे दोन्हीकडच्या तारखा एक नाहीत.

२. घड्याळाची दोन कामे

पहिले काम मोजणीचे : किती सेकंद गेले? दुसरे काम नियमाचे : त्या क्षणाला या गावात किती वाजले म्हणायचे? मोजणी भौतिकशास्त्रावर चालते, नियम सरकार ठरवते आणि बदलूही शकते. घरातले कोणते घड्याळ हाताने लावावे लागेल, हे त्याला यांपैकी कोणते काम येते यावर ठरते.

३. घरातल्या घड्याळांचे चार प्रकार

(अ) भिंतीवरचे साधे घड्याळ : क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा २ चा १५ वा घात आहे, म्हणून पंधरा वेळा निम्मे केले की सेकंदाला एक ठोका मिळतो. हे घड्याळ फक्त मोजते, त्यामुळे वर्षातून दोनदा ते हातानेच लावावे लागते. ठोके देणाऱ्या जुन्या लंबकाच्या घड्याळाचे काटे उलटे फिरवू नयेत, ठोक्यांची यंत्रणा बिघडू शकते. नोव्हेंबरमध्ये लंबक एक तास थांबवून ठेवणे हा सोपा उपाय.

(आ) ओव्हनवरचे घड्याळ : अशी अनेक घड्याळे वीजपुरवठ्याची आवर्तने मोजतात, अमेरिकेत सेकंदाला ६०, युरोपात ५०. इथेही मोजणी आहे, पण नियम नाही.

(इ) रेडिओवरून जुळणारे घड्याळ : जर्मनीतील माइनफ्लिंगेन येथून ७७.५ किलोहर्ट्झवर वेळेचा संकेत प्रसारित होतो. त्यात जर्मनीतली स्थानिक वेळ असते आणि बदलाची सूचना एक तास आधी येते. अमेरिकेत फोर्ट कॉलिन्सहून ६० किलोहर्ट्झवर संकेत येतो, पण त्यात जागतिक समन्वित वेळ म्हणजे यूटीसी असते आणि उन्हाळी वेळेसाठी दोन वेगळे बिट असतात. आपला विभाग कोणता, हे घड्याळाला मालकाने सांगायचे असते. ॲरिझोनातल्या माणसाला उन्हाळी वेळेची सोय बंद ठेवावी लागते.

(ई) फोन आणि संगणक : नेटवर्कवरून त्यांना यूटीसी मिळते. नियम मात्र टीझेड डेटाबेस नावाच्या तक्त्यातून येतात, आणि सरकारने नियम बदलला की तो तक्ता अद्ययावत करावा लागतो.

४. नियम आत कोरून ठेवला तर?

पूर्वी अमेरिकेत हा बदल एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असे. २००५ च्या कायद्याने तारखा बदलल्या आणि २००७ पासून नव्या तारखा लागू झाल्या. ज्या घड्याळांच्या चिपमध्ये जुन्या तारखा कायमच्या घातल्या होत्या, ती ११ मार्च २००७ ला हललीच नाहीत. मालकाने हाताने ती एक तास पुढे केली. मग १ एप्रिलला घड्याळ आपण होऊन आणखी एक तास पुढे गेले! मोजणी अचूक होती, नियम शिळा होता. बदलू शकणारी गोष्ट बदलता येईल अशा जागी ठेवावी, हा यातला अभियांत्रिकीचा धडा.

५. दोनदा येणारा तास

२ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे १:३० दोनदा वाजले. पहिल्यांदा वाजले तेव्हा भारतात सकाळचे ११ झाले होते, दुसऱ्यांदा दुपारचे १२. दर सहा तासांनी औषध घेणाऱ्या रुग्णाने नुसते घड्याळ पाहिले, तर त्या रात्री दोन डोसांत सात तास जातील. उलट, ९ मार्चला पहाटेचे २:३० वाजलेच नाहीत. रोज त्या वेळी स्थानिक घड्याळावर चालणारा प्रोग्राम कदाचित चाललाच नसेल. म्हणून नोंदी यूटीसीमध्ये ठेवाव्यात आणि स्थानिक वेळ फक्त दाखवण्यापुरती काढावी.

६. लक्षात ठेवा

दोन शहरांमधले अंतर पाठ करू नका. फोनच्या कॅलेंडरमध्ये वेळ टाकताना तारीख आणि शहराचे नाव द्या. आमच्या विद्यार्थ्याने 'न्यूयॉर्क' निवडले असते, तर फोनने त्याला साडेसातचीच वेळ दाखवली असती.

सराव प्रश्न : २८ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९ वाजले आहेत. लंडनमध्ये आणि भारतात किती वाजले असतील?

उत्तर : लंडनमध्ये दुपारचा १, भारतात संध्याकाळचे ६:३०. लंडनची घड्याळे २६ तारखेलाच मागे आली होती, न्यूयॉर्कची अजून यायची होती. म्हणून या दोन शहरांतले नेहमीचे पाच तासांचे अंतर त्या आठवड्यात चारच तासांचे होते.