जोडधंद्याचे घरगुती दप्तर

नवा जोडधंदा आरंभिताना शेतकरी कुटुंब यंत्र व कच्चा माल यांचा विचार प्रथम करते. दप्तर मात्र मागे पडते. डाळ तयार करणाऱ्या एका कुटुंबाने बँकेकडे कर्ज मागितले. माल उत्तम होता, गिऱ्हाईकही होते. परंतु वर्षभराच्या पावत्या ज्या लाकडी पेटीत होत्या, तिला वाळवी लागली. विक्रीचा पुरावा नसल्याने कर्ज लांबले आणि काढणीच्या वेळी स्वस्त मिळणारी तूर पुढे चढ्या भावाने घ्यावी लागली.

हे टाळणे अवघड नाही. ओटीवरील उजेडाचा, कोरडा कोपरा केवळ दप्तरासाठी राखावा. तेथे लिहिण्यास मेज व भिंतीपासून थोडे दूर लोखंडी कपाट असावे. कीर्दीत दिवसाचा जमाखर्च त्याच संध्याकाळी लिहावा. खतावणीत प्रत्येक व्यापाऱ्याचे खाते वेगळे ठेवावे. खरेदी, विक्री, बँक व परवाने अशा चार फायली कराव्यात. २०२० साली सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनाशुल्क आहे. तिचे प्रमाणपत्र परवान्यांच्या फायलीत लावावे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरे काही काळाने उडतात. म्हणून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढाव्यात.

घरखर्च व धंद्याचा पैसा एकत्र करू नये. धंद्यासाठी बँकेत स्वतंत्र खाते काढावे. नफा झाला की तोटा, हे त्याशिवाय कळत नाही. लिहिण्याचे काम घरातील एकाच व्यक्तीकडे सोपवावे, परंतु हिशेब मात्र आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून पाहावा.